शहराचें घरपण

कोणतें शहर राहावयास चांगलें, हा प्रश्न घरोघर केव्हां ना केव्हां निघतोच. मुलगा नोकरीनिमित्त परगांवीं जावयाचा असतो, मुलीस सांगून आलेलें स्थळ दूरच्या शहरांतील असतें, किंवा वडील मंडळींनीं निवृत्तीनंतरचे दिवस कोठें काढावे याचा विचार चाललेला असतो. अशा वेळीं जीं उत्तरें मिळतात तीं बहुधा ठराविक असतात. रस्ते रुंद आहेत, इमारती उंच आहेत, बाजारपेठ मोठी आहे, दवाखाने आणि कॉलेजें आहेत. हीं सर्व सुखाचीं साधनें आहेत, यांत संशय नाहीं. परंतु एखादें घर पसंत करतांना आपण केवळ दिवाणखान्याची लांबीरुंदी पाहत नाहीं. पाणी कोठून येतें, मोरीचें सांडपाणी कोठें जातें, म्हाताऱ्या माणसास कोंवळें ऊन घ्यावयास ओटी आहे कीं नाहीं, लेंकरें कोठें खेळतात, हें पाहिल्याशिवाय घराची परीक्षा होत नाहीं. घरास लावावयाची ही कसोटी शहरासही लावली पाहिजे, असें एका परदेशी पुरुषानें शंभर वर्षांपूर्वीं आपल्याच देशांत गांवोगांव हिंडून सांगितलें. त्यांची ओळख वाचकांस करून द्यावी, आणि ज्या इंदूर शहराविषयीं त्यांनीं दोन खंडांचा अहवाल लिहिला त्या शहराचें पुढें काय झालें तेंही पाहावें, असा आमचा हेतु आहे.

पॅट्रिक गेडीस हे स्कॉटलंडचे. त्यांचा जन्म १८५४ सालचा. मूळचा विषय वनस्पतिशास्त्र. परंतु झाडाचा अभ्यास करणाऱ्यास जसा माती, पाणी आणि ऊन यांचा विचार सोडतां येत नाहीं, तसा माणसाचा अभ्यास करणाऱ्यास त्याच्या वस्तीचा विचार सोडतां येत नाहीं, असें त्यांचें मत बनत गेलें. १८८६ मध्यें ॲना मॉर्टन यांच्याशीं त्यांचा विवाह झाला, आणि थोड्याच काळांत हें सुशिक्षित दांपत्य एडिंबरोच्या जुन्या भागांतील जेम्स कोर्ट नांवाच्या मोडकळीस आलेल्या वस्तींत बिऱ्हाड करून राहिलें. तेथें त्यांनीं उपदेश करण्यापेक्षां झाडू आणि चुन्याचा कुंचला हातीं घेतला, खिडक्यांतून फुलझाडें लावलीं, आणि शेजारीपाजारी हळूहळू त्या कामांत सामील झाले. पुढें हिंदुस्थानांत त्यांनीं जें जें सांगितलें त्याचें मूळ या बिऱ्हाडांत आहे.

१९१४ मध्यें मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून ते इकडे आले. शहरांविषयींचे नकाशे व चित्रें यांचें एक मोठें प्रदर्शन त्यांच्यामागून जहाजानें येत होतें. महायुद्ध नुकतेंच पेटलें होतें. 'एम्डेन' या जर्मन युद्धनौकेनें तें जहाज बुडविलें, आणि अनेक वर्षांचा संग्रह समुद्राच्या तळाशीं गेला. स्नेह्यांनीं विलायतेंत नवी सामग्री जमवून पाठविली व १९१५ च्या आरंभीं मद्रासेंत प्रदर्शन भरलें. त्यानंतर गेडीस यांनीं आपल्या देशांतील अनेक शहरें पायीं हिंडून पाहिलीं व त्यांवर अहवाल लिहिले. १९१९ पासून कांहीं वर्षें ते मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचे व नगरविद्येचे प्राध्यापक होते. डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये त्यांच्या व्याख्यानांस बसत, आणि पुढें १९२४ मध्यें त्या विभागाची धुरा घुर्ये यांजकडे आली, हें येथें सांगितलें पाहिजे.

त्या काळीं शहरसुधारणेची सरकारी रीत मोठी सोपी होती. नकाशावर पट्टी ठेवावी, दाट वस्तीमधून एक सरळ रेघ ओढावी, आणि त्या रेघेंत येणारीं घरें पाडून रुंद रस्ता काढावा. रस्ता झाला म्हणजे हवा खेळेल, आणि हवा खेळली म्हणजे रोगराई जाईल, असा हिशेब. गेडीस यांनीं या हिशेबांतील चूक दाखविली. ज्यांचीं घरें पडलीं तीं माणसें कोठें नाहींशीं होत नाहींत. तीं शेजारच्या गल्लींत, आधींच भरलेल्या खोल्यांतून, दाटीवाटीनें राहूं लागतात. म्हणजे रोग गेला नाहीं. त्यानें फक्त बिऱ्हाड बदललें. उलट, ते स्वतः गल्लीगल्लींतून चालत आणि प्रत्येक घर पाहून टिपण करीत. कोणतें घर पडूं घातलें आहे, कोणती जागा नुसती उकिरडा होऊन पडली आहे, कोणत्या विहिरीचा कांठ ढासळला आहे, याची नोंद झाली म्हणजे उपाय आपोआप दिसे. पडकें घर तेवढें काढावें, उकिरड्याची जागा साफ करून तेथें चौक करावा, एक झाड लावून त्यास पार बांधावा, आणि चांगलीं घरें जशींच्या तशीं राहूं द्यावीं. कुशल वैद्य जसा दुखऱ्या भागापुरतेंच शस्त्र चालवितो, तशी ही रीत. तलावांविषयींही त्यांचें मत असेंच होतें. डांसांच्या भीतीनें जुने तलाव बुजवावे असें अधिकारी म्हणत. गेडीस म्हणत कीं तलाव स्वच्छ ठेवावा, त्यांत मासे व बदकें सोडावीं. डांसांच्या अळ्यांचा समाचार तीं घेतील, आणि गांवाचें पाणी व गारवा दोन्ही राहतील.

१९१७ हें वर्ष त्यांस फार कठीण गेलें. एप्रिलांत थोरला मुलगा ॲलस्डेअर फ्रान्सच्या रणांगणावर पडला. त्या वेळीं ॲनाबाई लखनौस अत्यवस्थ होत्या. ही वार्ता त्यांस सोसणार नाहीं म्हणून गेडीस यांनीं ती सांगितली नाहीं. मुलाचीं जुनीं पत्रेंच ते त्यांस वाचून दाखवीत राहिले. जून महिन्यांत ॲनाबाईही गेल्या. अशा दुहेरी दुःखांत सांपडलेल्या माणसानें त्याच सुमारास इंदूरचें काम हातीं घेतलें.

त्या वेळीं होळकर संस्थानांत तिसरे तुकोजीराव महाराज गादीवर होते. इंदूर गिरण्यांमुळें वाढत होतें आणि प्लेगनें गांजलेलें होतें. प्लेग म्हणजे काय हें आपल्याकडील जुन्या घराण्यांस सांगावयास नको. उंदीर पडूं लागले कीं गांव सोडून माळावर झोपड्या बांधावयाच्या, हा अनुभव महाराष्ट्रांत गांवोगांव येऊन गेलेला आहे. आणि १८९७ मध्यें पुण्यांत तपासणीच्या नांवाखालीं गोरे शिपाई घरांत, देवघरापर्यंत शिरले, त्याचाही विसर पडलेला नाहीं. तेव्हां हातांत नकाशा घेऊन घराकडे बोट दाखविणाऱ्या साहेबास पाहून इंदूरच्या लोकांच्या छातींत धस्स झालें तर त्यांत नवल काय? आपलें घर पाडावयासच हा आला आहे, असें त्यांस वाटे.

गेडीस यांनीं स्वतः सांगितलेली पुढील हकीकत प्रसिद्ध आहे. त्यांनीं दरबाराकडे एक दिवसापुरता महाराजांचा अधिकार मागून घेतला आणि दिवाळीची मिरवणूक आपल्या हातीं घेतली. शहरांत दवंडी फिरली कीं, यंदाची मिरवणूक नेहमींच्या वाटेनें जाणार नाहीं. ज्या रस्त्यावरील लोक घरें झाडून, डागडुजी करून, रंगवून ठेवतील आणि झाडें लावतील, त्या रस्त्यानें जाईल. केर उचलून नेण्याची सोय फुकट केली होती. मग काय विचारतां! गल्लीगल्लींत चढाओढ लागली, कित्येक वर्षांची अडगळ बाहेर पडली आणि घरोघरीं उंदरांचे पिंजरे लागले. मिरवणुकींत हत्ती होते, लक्ष्मी होती, आणि प्लेगचा एक महाकाय उंदीरही होता. शेवटीं त्याचें दहन झालें. पुढें होणाऱ्या ग्रंथालयाचे आणि इतर इमारतींचे नमुने गाड्यांवर मांडले होते. परंतु सर्वांचे डोळे ज्यांनीं वेधून घेतले ते निराळेच. शहरांतील सफाईचें काम करणारे लोक शुभ्र कपडे, नवीं पागोटीं आणि गळ्यांत फुलांच्या माळा अशा थाटानें, आपल्या रंगविलेल्या गाड्या घेऊन, मानानें चालले होते. आणि वाटेवरील लोकांस तुळशीचीं रोपें वांटण्यांत आलीं.

या दोन गोष्टींवर आमच्या वाचकांनीं, विशेषतः वाचक भगिनींनीं, थोडें थांबावें. तुळस हें नीटनेटक्या हिंदु घराचें चिन्ह आहे, हें या परक्या माणसानें ओळखलें. जेथें तुळस आहे तेथें सारवलेलें अंगण आहे, सकाळचें पाणी आहे, आणि त्या अंगणाची काळजी वाहणारी गृहिणी आहे. तेव्हां शहराची सुधारणा तेथूनच सुरू व्हावी, असें त्यांनीं मानलें. परंतु अंगणांतील केर उंबऱ्याबाहेर टाकला म्हणजे आपलें काम संपलें, असें आपण पिढ्यान्‌पिढ्या समजत आलों. तो केर कोण उचलतो, त्याच्या घरीं पाणी आहे काय, हें आपल्या सोंवळ्यानें कधीं विचारलें नाहीं. पुण्यांत जोतीराव फुले यांनीं १८६८ मध्यें आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला. त्या वेळीं त्यांचें अनुकरण करावयास किती वाडे पुढें आले? नाना पेशव्यांनीं कात्रजहून नळानें पाणी आणून पुण्यांत हौद भरविले याचा अभिमान आपण सांगतों, आणि तो योग्यही आहे. पण हौदांतील पाण्यास ज्यांचा हात लागूं दिला नाहीं त्यांच्या दृष्टीनें तें शहर राहावयास कसें होतें, हाही प्रश्न त्या अभिमानाबरोबरच सांगितला पाहिजे. शहराचा चांगलेपणा ठरवावयाचा तर तो त्यांतील सर्वांत मानहीन ठेवलेल्या माणसाच्या दारापासून ठरवावा. इंदूरच्या त्या मिरवणुकींत तेवढ्या एका दिवसापुरतें कां होईना, तें झालें.

आतां इंदूरची पुढची कथा. स्वच्छतेच्या अखिल भारतीय पाहणींत २०१७ मध्यें इंदूरचा पहिला क्रमांक आला, आणि पुढें कित्येक वर्षें तो सलग टिकला. होळकरांच्या काळापासून तेथें नांदणाऱ्या मराठी कुटुंबांस याचा सार्थ अभिमान आहे. या यशांत यंत्रें पुष्कळ आहेत. २०२२ मध्यें तेथें रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून वायू काढणारा कारखाना सुरू झाला. परंतु कारखान्यास ओला कचरा निराळा मिळतो तो स्वयंपाकघरांत कोणीतरी निराळा ठेवते म्हणून. भाजीचीं देठें एका डब्यांत आणि कागद, कांच दुसऱ्या डब्यांत, ही शिस्त लाखों घरांतून रोज पाळली जाते, आणि दारावर गाडी येते. गेडीस यांचें म्हणणें शंभर वर्षांनीं असें खरें ठरलें.

पण याच शहरांत ३० मार्च २०२३ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, बेलेश्वर महादेवाच्या मंदिरांत हवन चालूं असतां पायांखालचा स्लॅब कोसळला. त्याखालीं एक जुनी पायविहीर होती. ती केव्हांच झांकून टाकली होती आणि वर लोकांची ऊठबस चाले. छत्तीस माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्यांत बायका होत्या, मुलें होतीं. रस्ते झाडून लख्ख केलेल्या शहरांत हें घडलें, म्हणून तें आम्हांस अधिक लागतें. जें पाणी एके काळीं सर्व वस्तीस पाजीत होतें तें नळ आल्यावर नकोसें झालें. तें ना स्वच्छ ठेवलें, ना नीट बुजविलें, नुसतें दृष्टीआड केलें. गेडीस तळीं आणि विहिरी राखा म्हणून सांगत होते, त्यांत केवळ जुन्याची हौस नव्हती. वापरांत असलेल्या वस्तूची काळजी घेतली जाते आणि विसरलेली वस्तु घात करते, हा साधा संसारी नियम त्यांत होता. इंदूर हें एक उदाहरण झालें. अशा झांकलेल्या विहिरी आणि ओढे कोणत्या गांवांत नाहींत?

तेव्हां मुलीचें स्थळ पाहावयास किंवा नवें बिऱ्हाड ठरवावयास जाल, तेव्हां शहराचे रुंद रस्ते अवश्य पाहा. पण एखाद्या गल्लींत पायींही जा. तेथें सावली आहे काय, आजोबांस काठी टेकीत देवळापर्यंत एकट्यानें जातां येतें काय, शाळेंतून येणाऱ्या पोरांस गाड्यांचें भय कितपत आहे, नळास पाणी किती वेळ येतें, आणि सकाळीं झाडणाऱ्या बाईस कोणी नांवानें हांक मारतें कीं नाहीं, एवढें पाहिलें तरी पुष्कळ कळेल. आणि जेथें आपण आधींच राहतों त्या शहराविषयींही एक काम आपल्या हातांत आहे. येत्या दिवाळीस घराची झाडलोट होईलच. त्या वेळीं घरांतील कर्त्या मंडळींनीं मुलांस बरोबर घेऊन उंबऱ्याबाहेरही एक फेरी मारावी. आपली अडगळ कोठें जाते तें पाहावें. आळींतील जुनी विहीर कोठें आहे हें वडील माणसांस विचारावें, ती कशा स्थितींत आहे तें नगरपालिकेस कळवावें. आणि जो आपला केर नेतो त्यास फराळाचें ताट द्यावयाचें तें दारांतून नव्हे, तर बसवून द्यावें.