वाकलेल्या पाठीची शस्त्रक्रिया

उसाच्या मोळ्या वाहून आपली पाठ धरते, तशी गडचिरोलीकडे धानाची रोवणी करून धरते. तिथे शोधग्रामात, डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या दवाखान्यात, मुंबईचे डॉ. शेखर भोजराज व त्यांचे सहकारी शिबिरे घेऊन मणक्याच्या शस्त्रक्रिया करीत आले आहेत. त्यातलाच अवघड भाग म्हणजे वाकलेली पाठ. उतारवयात मणक्यांमधल्या चकत्या झिजूनही ती वाकते.

१९६२ साली अमेरिकेच्या डॉ. हॅरिंग्टन यांनी पोलादी सळईची पद्धत प्रसिद्ध केली, ती मुख्यतः पोलिओच्या मुलांसाठी. सळई वर-खाली आकड्यांनी अडकवायची, मग कित्येक महिने प्लॅस्टर! पाठ सरळ होई खरी, पण कमरेचा नैसर्गिक बाकही जाई आणि पुढे माणूस झुकून चाले. नंतर मणक्यात स्क्रू आले. प्रौढांची पाठ ताठर. तिथे हाडाची पाचर काढून बाक परत आणतात. आता सर्जन सरळपणापेक्षा तोल पाहतात, म्हणजे उभे राहिल्यावर डोके कमरेच्या वर येते का. ठिसूळ हाडात मात्र स्क्रू ढिला होतो, धोका मोठा. म्हणून नुसत्या बाकासाठी घाई नको. पण पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर चोळत-शेकत न बसता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.