मोटरसायकल पाठवताय? पौंडाला ६० सेंट लक्षात ठेवा

पुण्याहून नागपूरला बुलेट पाठवायची, तर रेल्वेच्या पार्सल ऑफिसात टाकी रिकामी करायची, गाडी गोणपाटात गुंडाळायची आणि वर पत्ता लिहायचा. आपल्यापैकी अनेकांनी हे केलं असेल. इथे अमेरिकेत मात्र गाडी बांधण्याआधी कागद वाचावा लागतो.

नोकरी बदलल्यामुळे मला न्यू जर्सीहून कॅलिफोर्नियाला जायचं होतं. माझी होंडा गोल्ड विंग सुमारे ८५० पौंडांची. घरात तान्हं मूल, त्यामुळे तीन हजार मैल चालवत नेणं शक्य नव्हतं. सामान हलवणारी कंपनी म्हणाली, "गाडीही नेतो, विमा फुकट." मी सहीसाठी पेन काढलं, तेवढ्यात बायकोने बारीक अक्षरांतली ओळ दाखवली: भरपाई पौंडाला ६० सेंट. म्हणजे गाडीचा पार चुराडा झाला तरी हातात ८५० गुणिले ०.६० = ५१० डॉलर! नवी गोल्ड विंग २५,००० डॉलरच्या वर जाते.

यात फसवणूक नाही, कायदाच तसा आहे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात घरसामान नेणाऱ्या कंपनीला दोन पर्याय द्यावे लागतात. 'रिलीज्ड व्हॅल्यू' फुकट असते, पण भरपाई वजनावर. 'फुल व्हॅल्यू प्रोटेक्शन'ला पैसे पडतात, पण दुरुस्ती, तशीच वस्तू किंवा किंमत मिळते. फुकटचा पर्याय तुमच्या सहीनेच लागू होतो, म्हणून सही जपून करा.

दुसरा मार्ग म्हणजे फक्त मोटरसायकली नेणारे वाहतूकदार. ते गाडी खास पॅलेटवर पट्ट्यांनी बांधून बंद ट्रकमधून नेतात. मी शेवटी हाच मार्ग धरला. इथे आधी विचारा: तुम्ही स्वतः नेणार की ब्रोकर आहात? ब्रोकर फक्त ट्रकवाला गाठून देतो. नुकसानीची जबाबदारी सहसा ट्रकवाल्याची असते. त्याचा यूएस डॉट नंबर घेऊन केंद्र सरकारच्या 'सेफर' या वेबसाइटवर तपासा. भरपाईची कमाल मर्यादा लेखी मागा. तुमच्या स्वतःच्या पॉलिसीत वाहतुकीतलं नुकसान येतं का, तेही एजंटकडून लेखी घ्या.

गाडी देताना:

१. गाडी धुऊन चारी बाजूंनी आणि ओडोमीटरचे फोटो काढा.
२. पेट्रोल पाव टाकीच ठेवा. अलार्म बंद करा, डिक्क्या रिकाम्या करा.
३. 'बिल ऑफ लेडिंग'वर आधीचा प्रत्येक ओरखडा लिहून घ्या.
४. गाडी मिळाल्यावर उजेडात तपासा. नवं नुकसान त्याच कागदावर लिहा, मगच सही करा. दाव्यासाठी कायद्याने किमान ९ महिने मिळतात, पण थांबू नका.

मित्रांना बोलावून फळीवरून पिकअपमध्ये चढवू, हा विचार सोडा. एवढं वजन कलंडलं तर सावरता येत नाही. पाठ किंवा पाय जायचा.

आणखी एक: नव्या कंपनीने स्थलांतराचा खर्च दिला, तर २०१८ पासून तो बहुतेकांच्या बाबतीत पगारात धरला जातो आणि त्यावर फेडरल कर बसतो. बोलणी करतानाच तो हिशेबात धरा.

माझी गाडी सुखरूप पोचली. त्याचं श्रेय पट्ट्यांइतकंच बायकोच्या चष्म्याला!