लासलगाव : विकू की थांबू?

ट्रॉलीतल्या कांद्याचा भाव ठरायला लासलगावच्या बाजार समितीत जेमतेम मिनिटभर लागतं. ट्रॅक्टर ओळीनं उभे असतात. बाजार समितीचा माणूस पुढे होतो आणि व्यापाऱ्यांचा घोळका ट्रॉलीला टेकतो. कुणी ओंजळभर कांदे उचलतो, कुणी अंगठ्यानं साल चोळून रंग आणि पत्ती बघतो, कुणी खालच्या थरात हात घालतो. मालक ट्रॉलीवरच उभा असतो. क्विंटलचा पुकारा चढत जातो, थांबतो, पावती फाटते आणि घोळका पुढच्या ट्रॉलीकडे सरकतो. चार-पाच महिन्यांचं पीक आणि त्यावर कांदाचाळीत काढलेले तितकेच महिने यांचा निकाल तिथे लागलेला असतो.

निदान तसं वाटतं. पुढे भुईकाट्यावर वजन होतं, ट्रॅक्टर व्यापाऱ्याच्या खळ्यावर जातो आणि ट्रॉली रिकामी होताना खालून हलका माल निघाला, तर ‘वांधा’ पडतो. वर दिसला तसा माल खाली नाही, असं व्यापारी म्हणतो. शेतकरी म्हणतो, लिलावात बघूनच घेतला होता. मग बाजार समितीचा माणूस मध्यस्थीला येतो. कधी भाव थोडा उतरवून तडजोड होते, कधी ट्रॅक्टर पुन्हा लिलावाच्या ओळीत लागतो.

निफाड तालुक्यातलं हे गाव नाशिकहून साठेक किलोमीटरवर आहे. तालुक्याचं ठिकाणही नसलेल्या या गावाचा भाव कोलकाता, दिल्ली, चेन्नईच्या व्यापाऱ्यांना रोज पाहावा लागतो. ‘आशियातली सर्वांत मोठी कांदा बाजारपेठ’ हे बिरुद लासलगाव अभिमानानं मिरवतं. या गावाचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास एका प्रश्नाभोवती फिरत आला आहे : आज विकावं की थांबावं? आणि थांबण्याची ऐपत कुणाची?

कांदा येण्याआधी हा मुलूख सरदारांचा होता. शेजारचं विंचूर ही विठ्ठल शिवदेव विंचूरकरांची जहागीर. उत्तरेला चांदवडला होळकरांचा रंगमहाल आजही उभा आहे आणि लासलगावात अहिल्यादेवींच्या नावानं ओळखला जाणारा भुईकोट आहे. पण गावाचं नशीब पालटलं ते रेल्वेनं. १८६५ मध्ये कसाऱ्याजवळचा थळ घाट रेल्वेनं ओलांडला आणि मुंबई ते भुसावळ हा सलग मार्ग तयार झाला. निफाड आणि मनमाडच्या मध्ये लासलगावला स्टेशन मिळालं. बैलगाडीनं येणारा माल वॅगनमध्ये चढू लागला आणि आडत्यांच्या पेढ्या, गोदामं, हमाल असा सगळा पसारा स्टेशनच्या आधारानं वाढला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोदावरी-कादवा संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा झाला, कालवे निघाले. बागायत वाढली तसा बाजारही वाढला.

त्या काळात भाव उघड पुकारला जाईलच याची खात्री नसे. रुमालाखाली बोटं दाबून सौदा करण्याची रीत अनेक बाजारांत होती. आपल्या मालाला काय भाव लागला, हे मालकालाच शेवटी कळे. मुंबई प्रांताच्या १९३९ च्या बाजार कायद्यानं नियंत्रित बाजारांची वाट मोकळी झाली आणि १ एप्रिल १९४७ रोजी लासलगाव बाजार समिती स्थापन झाली. उघड लिलाव, प्रमाणित वजन आणि लेखी पावती या तीन गोष्टींनी शेतकऱ्याला निदान समोर काय चाललंय ते दिसू लागलं.

बाजाराचे स्वतःचे रिवाजही होते. अमावस्येला लिलाव बंद ठेवण्याची प्रथा इथे कित्येक दशकं पाळली गेली. व्यापारी, हमाल, मापारी सगळ्यांनाच ती सुट्टी अंगवळणी पडली होती. कांद्याला मात्र तिथी कळत नाही. बंदच्या दुसऱ्या दिवशी आवक दुप्पट व्हायची आणि भाव पडायचा. अखेर अलीकडच्या वर्षांत अमावस्येलाही लिलाव सुरू झाले.

नाशिकच्या शेतकऱ्याचं वर्ष तीन कांद्यांत वाटलेलं असतं. पावसाळ्यात लावलेला ‘पोळ’ दसरा-दिवाळीपासून येतो, त्यामागून ‘रांगडा’. हे दोन्ही लाल कांदे. त्यांत पाणी जास्त असल्यानं ते फार टिकत नाहीत, काढले की विकावेच लागतात. तिसरा उन्हाळ कांदा डिसेंबर-जानेवारीत लावायचा, एप्रिल-मेमध्ये काढायचा. देशाच्या वर्षभराच्या कांद्यातला निम्म्याहून अधिक हिस्सा याच रब्बी पिकाचा. जूनपासून नवा पोळ येईपर्यंत देशाच्या फोडणीला जो कांदा पडतो, तो मुख्यतः चाळीतून येतो.

कांदाचाळ हे या भागाचं खरं स्थापत्य. जमिनीपासून उचललेला तळ, बांबूच्या किंवा लाकडी पट्ट्यांच्या भिंती, वारा खेळावा म्हणून ठेवलेल्या फटी, वर कौलं किंवा पत्रे. आत कांदा फार उंच रचायचा नाही, नाहीतर खालचा दबून सडतो. भरण्याआधी पात सुकवून, मान नीट बंद झालेला कांदाच निवडायचा. एवढं करूनही पाच-सहा महिन्यांत वजन घटतं, काही सडतो, काहीला कोंब येतात. तिसरा हिस्सा गेला तरी कुणाला आश्चर्य वाटत नाही. म्हणजे भाव दीडपट झाला, तरी थांबलेल्याच्या हाती उरतं ते मुद्दलच. ज्याला पेरणीसाठी किंवा मुलीच्या लग्नासाठी मे महिन्यातच पैसा हवा असतो, त्याला हा जुगारही परवडत नाही.

कोंब थांबवायचा प्रयत्न भाभा अणुसंशोधन केंद्रानं केला. २००२ मध्ये लासलगावला ‘कृषक’ हे विकिरण केंद्र सुरू झालं. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांचा अगदी हलका मारा दिला की कांद्याचा कोंब फुटत नाही. मात्र सड आणि वजनातली घट या किरणांनी थांबत नाही, त्यासाठी पुढे शीतगृह लागतं आणि त्याचा खर्च कांद्याच्या भावात बसवणं अवघड जातं. गंमत अशी, की कांद्यासाठी उभारलेल्या या केंद्राला जगात नाव मिळालं ते आंब्यामुळे. अमेरिकेनं भारतीय आंब्याला दार उघडलं ते विकिरणाच्या अटीवर, आणि २००७ मध्ये तिकडे गेलेला हापूस याच लासलगावातून किरण खाऊन गेला. बागा कोकणात आणि विमान मुंबईत असताना पेट्या घाट चढून कांद्याच्या गावी येत होत्या.

गावातलं रोजचं काम मात्र खळ्यांवर चालतं. उतरलेल्या कांद्याच्या ढिगाभोवती बायका बसलेल्या असतात आणि हातासरशी प्रतवारी होते. मोठा माल एकीकडे, मध्यम गोल्टा, बारीक गोल्टी, आणि डागी किंवा फुटका माल ‘खाद’ म्हणून बाजूला. प्रत्येकाचं गिऱ्हाईक आणि भाव वेगळा. भरलेली गोणी शिवायची, वजन करायचं, ट्रकमध्ये थर लावायचे. या साखळीतला एक दुवा अडला की सगळं थांबतं. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारनं आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायला सांगितली, तेव्हा जिल्ह्यातले लिलाव बंद पडले. एप्रिल २०२४ मध्ये हमाली-तोलाईच्या लेव्हीचा वाद पेटला आणि पुन्हा तेच झालं. अशा प्रत्येक बंदमध्ये व्यापाऱ्याचं गोदाम थांबू शकतं, लाल कांदा थांबू शकत नाही.

या असहायतेला राजकीय आवाज दिला शेतकरी नेते शरद जोशींनी. १९८० च्या सुरुवातीला चाकणला कांद्यासाठी आंदोलन झालं, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नाशिक जिल्ह्यात ऊस आणि कांद्याच्या भावासाठी रस्ते अडवले गेले. लासलगावच्याच लोहमार्गावर, खेरवाडीला रेल रोको झाला. तिथल्या पोलीस गोळीबारात दोन शेतकऱ्यांचा बळी गेला. मागणी साधी होती : उत्पादनखर्चावर आधारित भाव.

दिल्लीचं गणित याच्या नेमकं उलट. १९८० च्या लोकसभा निवडणुकीत महागलेला कांदा प्रचाराचा मुद्दा झाला आणि १९९८ मध्ये दिल्ली विधानसभेतली सत्ता जाण्यामागे कांदाही एक कारण मानला गेला. तेव्हापासून कुठल्याही पक्षाचं सरकार असो, शहरात भाव चढला की पहिला हात निर्यातीवर पडतो. २०१९ आणि २०२० मध्ये बंदी आली. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, लासलगावात लिलाव थांबले. नाफेड क्विंटलला २,४१० रुपयांनी खरेदी करेल, असं केंद्रानं जाहीर केलं. ऑक्टोबरमध्ये टनाला किमान ८०० डॉलर निर्यातमूल्य लागू झालं आणि ८ डिसेंबरला निर्यात पूर्ण बंद. तेव्हा पोळ कांदा शेतातून निघत होता, थांबण्याचा पर्यायच नव्हता.

बंदी उठली ४ मे २०२४ ला, लोकसभेचं मतदान चालू असताना, आणि तीही शुल्काच्या अटीसह. ज्या दिंडोरी मतदारसंघात लासलगाव येतं, तिथे केंद्रीय राज्यमंत्री असलेल्या भारती पवार पराभूत झाल्या आणि शिक्षक असलेले भास्कर भगरे निवडून आले. त्या प्रचारात कांदा हाच विषय होता. सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० टक्क्यांवर आलं. ऑक्टोबरमध्ये ‘कांदा एक्स्प्रेस’ नावाची मालगाडी सुमारे १,६०० टन कांदा घेऊन दिल्लीला गेली. तो सरकारी साठ्यातला कांदा सणासुदीत राजधानीचा भाव खाली आणण्यासाठी होता.

उरलेलं शुल्क १ एप्रिल २०२५ ला गेलं. तोवर परदेशी गिऱ्हाइकांनी पाकिस्तान, इजिप्त, चीनचा कांदा घेऊन पाहिला होता. भारतीय कांदा पुढच्या महिन्यात मिळेल की नाही, ही शंका आता सौदा करतानाच धरली जाते.

२०१६ मध्ये लासलगाव कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालं. रंग, तिखटपणा आणि टिकाऊपणा ही त्याची ओळख कागदावर नोंदली गेली, पण लिलावात त्यासाठी वेगळा पुकारा होत नाही.

दिवाळीच्या सुमारास उन्हाळ कांद्याचं उळं, म्हणजे बी, वाफ्यात टाकायची वेळ होते. त्याच आठवड्यांत चाळीतला शेवटचा कांदा आणि शेतातला पहिला पोळ एकाच ओळीत लिलावाला उभे असतात. पुढच्या मे महिन्यात भाव काय असेल, हे कुणी सांगत नाही. बोलणी होतात ती बियाण्याच्या भावाची, विहिरीतल्या पाण्याची आणि लागणीच्या टोळीची. रोप सहा-सात आठवड्यांत तयार होतं आणि डिसेंबरात सगळ्यांनाच टोळी हवी असते. म्हणून उळं उगवायच्या आधीच टोळीच्या मुकादमाच्या हातावर उचल ठेवावी लागते. बऱ्याचदा ती चाळीतल्या त्या शेवटच्या ट्रॉलीच्या पैशांतूनच जाते.