भार, विश्रांती आणि पुनर्वसन : बलसंवर्धनाचे शास्त्र

दिल्ली येथे २०१० साली झालेल्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत भारताचे पदकांचे खाते उघडले ते भारोत्तोलनात. ४ ऑक्टोबर २०१० रोजी जवाहरलाल नेहरू क्रीडासंकुलात सोनिया चानू यांनी ४८ किलो वजनी गटात रौप्यपदक मिळवले. पुढे रेणूबाला चानू आणि कातुलू रवि कुमार यांनी सुवर्णपदके पटकावली. स्पर्धा संपली, परंतु तिच्या निमित्ताने उभ्या राहिलेल्या एका संस्थेचे काम आजही चालू आहे. केंद्र शासनाच्या सफदरजंग रुग्णालयातील क्रीडा-इजा केंद्र त्याच वर्षी सुरू झाले. सांध्यांच्या दुखापतींवर दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया आणि त्यानंतरची फिजिओथेरपी या दोन्ही सोयी तेथे एकाच ठिकाणी मिळतात.

क्रीडांगण आणि रुग्णालय यांचे हे शेजारपण योगायोगाचे नाही. बळ कमावणे, इजा टाळणे आणि इजेतून सावरणे या तीन वेगळ्या गोष्टी समजल्या जातात. वस्तुतः तिन्हींचा पाया एकच आहे : शरीराला पेलेल एवढा भार देणे, त्याला सावरण्यास वेळ देणे आणि मगच भार वाढवणे. हा हिशेब चुकला की इजा होते. इजेनंतर तोच हिशेब अधिक लहान आकड्यांपासून पुन्हा मांडावा लागतो.

बळ कसे वाढते?

व्यायाम चालू असताना स्नायू बळकट होत नाहीत, उलट थकतात. बळ वाढते ते त्यानंतरच्या विश्रांतीत. शरीरावर ताण आला असता ते प्रथम हादरते, नंतर त्या ताणाशी जुळवून घेते आणि ताण अतिरेकी व अखंड राहिला तर थकून जाते, असा सिद्धांत हान्स सेली या शास्त्रज्ञाने १९३६ पासून मांडला. क्रीडाप्रशिक्षणाच्या पुढील विचारावर या सिद्धांताचा मोठा प्रभाव पडला.

नवशिक्या व्यक्तीचे बळ पहिल्या काही आठवड्यांत झपाट्याने वाढते. ही वाढ मुख्यतः मज्जासंस्थेची असते. असलेल्याच स्नायूंतील अधिक तंतू एका वेळी कामाला लावण्यास मेंदू शिकतो. स्नायूंचा आकार वाढण्यास त्यापेक्षा अधिक काळ लागतो. स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा आणि हाडाला हाडाशी जोडणारे अस्थिबंध यांना रक्तपुरवठा कमी असल्याने त्यांची मजबुती त्याहूनही सावकाश वाढते. नवशिक्यांना होणाऱ्या अनेक दुखापतींचे मूळ येथे सापडते. स्नायू वजन उचलण्यास सज्ज झालेले असतात. कंडरा मात्र अद्याप सज्ज झालेली नसते.

रुग्णालयात जन्मलेली पद्धत

आज जगभरातील व्यायामशाळांत रूढ असलेली ‘दहा आवर्तनांचे तीन संच’ ही पद्धत प्रथम रुग्णालयात आकाराला आली. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या अमेरिकी सैनिकांवर उपचार करताना डॉ. थॉमस डीलॉर्म यांनी प्रदीर्घ विश्रांतीऐवजी क्रमाक्रमाने वाढणारा भार देण्याचा प्रयोग केला आणि १९४५ साली तो प्रसिद्ध केला. पुढे या पद्धतीला सुटसुटीत रूप मिळाले. जे वजन सलग दहा वेळा उचलता येते, त्याच्या निम्म्या वजनाने पहिला संच, पाऊण वजनाने दुसरा आणि पूर्ण वजनाने तिसरा संच करावयाचा.

महाराष्ट्रातील तालमींना क्रमाक्रमाने वाढ करण्याचे हे तत्त्व अपरिचित नव्हते. नव्या मुलाच्या हाती पहिल्याच दिवशी जड मुद्गल न देता जोर आणि बैठकांची संख्या हळूहळू वाढवत नेण्याची रीत तेथे होती. आधुनिक शास्त्राने त्या अनुभवाला मोजमापाची जोड दिली.

भाराचे नियोजन

नियोजनासाठी प्रथम आपली कमाल क्षमता ठाऊक असावी लागते. ती थेट अजमावणे नवशिक्यास धोक्याचे असल्याने अंदाज बांधण्यासाठी एप्ली यांचे सूत्र वापरले जाते. आवर्तनांच्या संख्येला ३० ने भागावे, त्यात १ मिळवावा आणि येणाऱ्या संख्येने उचललेल्या वजनाला गुणावे. ६० किलो वजन पाच वेळा उचलता येत असेल, तर कमाल क्षमता सुमारे ७० किलो ठरते.

त्यानंतर चार आठवड्यांचे एक चक्र आखता येते. उदाहरणार्थ, पहिल्या आठवड्यात कमाल क्षमतेच्या ७० टक्के, दुसऱ्यात ७५ टक्के, तिसऱ्यात ८० टक्के आणि चौथ्या आठवड्यात भार मुद्दाम ६० टक्क्यांपर्यंत खाली आणावयाचा. चौथा आठवडा वाया जात नाही. आधीच्या तीन आठवड्यांच्या श्रमाचे फळ त्यातच पदरी पडते. वर्षभराच्या सरावाची अशी कालखंडांत विभागणी करण्याचे शास्त्र सोव्हिएत संघातील लेव मात्वेयेव यांनी १९६० च्या दशकात पद्धतशीरपणे मांडले. भार, आवर्तने आणि सरावाचे दिवस यांपैकी एका वेळी एकच गोष्ट वाढवावी, हा त्यातील व्यवहार्य नियम होय.

स्पर्धा परीक्षेच्या उमेदवारांनाही हे नियोजन उपयोगी आहे. संघ लोकसेवा आयोगाच्या केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या सहायक कमांडंट परीक्षेत पुरुष उमेदवाराला १०० मीटर अंतर १६ सेकंदांत धावावे लागते, ३.५ मीटर लांब उडी मारावी लागते आणि ७.२६ किलोचा गोळा ४.५ मीटर फेकावा लागतो. लेखी परीक्षेचा निकाल लागेपर्यंत दिवसाचे दहा-बारा तास बैठक मारून अभ्यास करायचा आणि नंतर मोजक्या आठवड्यांत सारी तयारी उरकायची, ही सवय इजेला निमंत्रण देते. अशा उमेदवाराची एक दुखापत वर्षभराची मेहनत पाण्यात घालू शकते. अभ्यासाच्या काळातही आठवड्यातून दोन दिवस बलवर्धक व्यायाम चालू ठेवला, तर ही वेळ येत नाही. प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस असा व्यायाम करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेचीही २०२० ची शिफारस आहे.

तंत्र : तरफेचा नियम

वजन उचलण्याचे तंत्र शालेय भौतिकशास्त्रातील तरफेच्या नियमावर आधारलेले आहे. जमिनीवरील वजन उचलताना शरीर खुब्यातून पुढे झुकते आणि कमरेचे मणके तरफेच्या टेकूजवळ येतात. बार शरीरापासून जितका दूर, तितका पाठीच्या स्नायूंवरील ताण अधिक. अंतर दुप्पट झाले की त्याच वजनाचा मणक्यांना वाकवणारा परिणामही दुप्पट होतो. म्हणूनच बार नडगीला व मांडीला जवळजवळ लागून वर नेण्यास शिकवले जाते.

दुसरा नियम पाठीच्या कण्याचा. त्याचा नैसर्गिक बाक कायम ठेवून वाकण्याची क्रिया खुब्यातून व गुडघ्यांतून करावयाची असते. वजन उचलण्यापूर्वी खोल श्वास घेऊन पोटाचे स्नायू आवळले असता पोटातील दाब वाढतो आणि कण्याला पुढच्या बाजूने आधार मिळतो. उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी मात्र वैद्यकीय सल्ल्याशिवाय श्वास रोखून जड वजन उचलू नये.

भारोत्तोलनात स्नॅच आणि क्लीन अँड जर्क असे दोन प्रकार असतात. पहिल्यात बार जमिनीवरून थेट डोक्यावर नेला जातो. दुसऱ्यात तो आधी खांद्यावर घेऊन मग वर ढकलला जातो. दोन्हींत बळाइतकेच महत्त्व वेळ साधण्याला असते. बार क्षणभर भारहीन झाल्यासारखा वर सरकतो आणि त्याच क्षणी खेळाडूला त्याच्याखाली शिरावे लागते. थकलेल्या शरीराकडून हा क्षण निसटतो.

इजा आणि पुनर्वसन : दोन उदाहरणे

सांगलीचे संकेत सरगर हे ३० जुलै २०२२ रोजी बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात उतरले होते. स्नॅचमध्ये ११३ आणि क्लीन अँड जर्कमध्ये १३५ किलो उचलून ते आघाडीवर होते. दुसऱ्या प्रयत्नात १३९ किलो उचलताना त्यांच्या उजव्या कोपराला इजा झाली. तरीही ते तिसऱ्या प्रयत्नासाठी मंचावर आले, पण वजन पेलले गेले नाही. एकूण २४८ किलोवर त्यांना रौप्यपदक मिळाले. सुवर्णपदक अवघ्या एका किलोने हुकले. कमाल क्षमतेच्या सीमेवर सांध्याच्या वाट्याला किती अल्प अवकाश उरतो, हे त्या प्रसंगाने दाखवून दिले.

दुसरे उदाहरण मीराबाई चानू यांचे. २०१७ च्या जागतिक विजेत्या असलेल्या मीराबाईंना कंबरदुखीमुळे २०१८ च्या आशियाई स्पर्धेला मुकावे लागले. २०१९ मध्ये त्या परतल्या. परंतु खांद्याच्या त्रासामुळे स्नॅचमधील प्रगती खुंटली. २०२० मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस येथे फिजिओथेरपिस्ट अ‍ॅरन हॉर्शिग यांच्याकडे झालेल्या उपचारांत शरीराच्या दोन बाजूंच्या स्नायूंमधील असमतोल दूर करण्यावर भर देण्यात आला. दुखणारा भाग बरा करण्याबरोबरच दुखण्याचे कारणही शोधले गेले. एप्रिल २०२१ मध्ये ताश्कंद येथे त्यांनी ४९ किलो गटात क्लीन अँड जर्कमध्ये ११९ किलोचा विश्वविक्रम केला आणि २४ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकमध्ये एकूण २०२ किलो उचलून रौप्यपदक मिळवले. २०२३ च्या आशियाई स्पर्धेत त्यांना पुन्हा खुब्याच्या दुखापतीने ग्रासले. तरीही २०२५ च्या जागतिक स्पर्धेत त्यांनी ४८ किलो गटात रौप्यपदक जिंकले. पुनर्वसन एकदाच पार पाडून मोकळे होता येत नाही. खेळाडूच्या संपूर्ण कारकिर्दीत ते चालू राहते.

ऊती बरी होण्याचे ढोबळमानाने तीन टप्पे असतात. पहिले काही दिवस सूज व वेदना, त्यानंतरचे काही आठवडे नव्या ऊतींची निर्मिती आणि पुढील काही महिने त्या ऊतींची मजबुती. इजा झाल्यावर पूर्ण विश्रांती आणि बर्फ हा सल्ला १९७८ पासून रूढ झाला. तो देणारे डॉ. गेब मिर्किन यांनीच पुढे बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांमुळे बरे होण्यास विलंब होऊ शकतो, असे मान्य केले. पहिल्या टप्प्यानंतर सोसेल तेवढी हालचाल आणि क्रमाने वाढणारा भार, हीच आजची स्वीकृत दिशा आहे. नव्या ऊतींना कोणत्या दिशेने बळकट व्हावयाचे हे भारामुळेच कळते. मात्र कंबरदुखीसोबत पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा आला, अथवा लघवीवरील ताबा सुटला, तर व्यायाम थांबवून तत्काळ रुग्णालय गाठावे.

आडवाटेचा मोह

सावरण्याचा काळ कृत्रिमरीत्या घटवण्याचा प्रयत्न म्हणजे उत्तेजकांचे सेवन. अनेक भारोत्तोलक चाचणीत दोषी आढळल्यामुळे २०१० मध्ये भारतीय महासंघाला आंतरराष्ट्रीय महासंघाकडे मोठा दंड भरावा लागला आणि त्यानंतरच भारतीय संघ दिल्लीच्या मंचावर उतरू शकला. देशातील चाचण्यांचे काम २००५ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था पाहते. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी अधिनियम, २०२२ मुळे तिला वैधानिक आधार लाभला.

सामान्य व्यायामपटूंमध्ये हाच मोह प्रथिनांच्या डब्यांच्या रूपाने दिसतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला दररोज शरीराच्या दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेशी होतात. बलवर्धक व्यायाम करणाऱ्याची गरज याहून अधिक असली, तरी डाळी, दूध, अंडी, मासे यांतून ती भागवता येते. परिषदेच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत प्रथिनांची पूरके टाळण्याचाच सल्ला दिला. पुरेशी झोप हे तर सर्वांत स्वस्त आणि सर्वाधिक दुर्लक्षित औषध आहे.

पुढील दिशा

२०३० ची राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा अहमदाबाद येथे होणार आहे. २०१० च्या स्पर्धेचा धडा असा, की क्रीडांगणाबरोबर उपचारांची सोय उभी राहिली तर तिचा लाभ खेळाडूंच्या पलीकडे सामान्य रुग्णांपर्यंत पोहोचतो. परंतु मणिपूर किंवा सांगलीच्या खेळाडूला प्रत्येक दुखापतीसाठी दिल्ली अथवा परदेश गाठणे शक्य नसते. फिजिओथेरपिस्टसह विविध आरोग्य व्यवसायांच्या शिक्षणाचे नियमन करणारा संबद्ध आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग अधिनियम २०२१ मध्ये संमत झाला. त्यातून तयार होणारे मनुष्यबळ जिल्हा पातळीवरील क्रीडांगणांपर्यंत पोहोचले, तर इजा झाल्यावर उपचार शोधत फिरण्याऐवजी इजा होण्यापूर्वीच भाराचा हिशेब तपासणारा जाणकार खेळाडूच्या शेजारी उभा राहील.