हबच्या पोटातले छर्रे : ऐकाल तर हबकाल!

तुमच्या सायकलचं चाक कशावर फिरतं, माहीत आहे का? छर्‍यांवर! साध्या कप-कोनच्या हबमध्ये बहुतेकदा पुढे २० आणि मागे १८. म्हणजे खाली ३८ पिटुकले गोळे आणि वर अख्खे तुम्ही. डबल सीट असाल, तर दोघं!

मागचे छर्रे पाव इंची, पुढचे ३/१६ इंची. मागच्या चाकावर वजन जास्त, म्हणून तिथली मंडळी अंगाने भरलेली!

७ नोव्हेंबर १८६९. पॅरिस ते रूआँ, सुमारे १२३ किलोमीटरची रेस. विनर : जेम्स मूर. त्याच्या सायकलची सीक्रेट पॉवर? पॅरिसचे मेकॅनिक ज्यूल स्युरिरे यांचं बॉल बेअरिंग, पेटंट त्याच वर्षीचं. काय एंट्री आहे!

पण हजारो गोळे एकसारखे घडवायचे कसे? १८८३ मध्ये जर्मनीतल्या श्वाइनफुर्टच्या फ्रिडरिश फिशर यांनी स्टीलचे गोळे अचूक घासणारं मशीन काढलं आणि हे गाव बेअरिंगचं माहेरघर झालं. इतकं, की १९४३ मध्ये अमेरिकेने तिथल्या कारखान्यांवर मुद्दाम बॉम्बहल्ले केले. १४ ऑक्टोबरच्या एकाच मोहिमेत त्यांची ६० बॉम्बर विमानं पडली. कशापायी? छर्‍यांपायी! जर्मनीची विमानं आणि रणगाडे त्यांच्यावरच तर फिरत होते.

विमानांवरून आठवलं. राइट बंधू आधी सायकली बनवायचे, माहीत आहे का? हबसुद्धा स्वतःच्या डिझाइनचा, आतल्या आत तेल पुरवणारा. क्या बात!

चला, आता पाना उचला. चाक लटपटतंय? त्याने बेअरिंग सोडलंय!

हब उघडा, रॉकेलने कप आणि कोन लख्ख करा. कोनवर खड्डे दिसले, तर तो बाद. एखादाच छर्रा बदलताय? थांबा! नवा छर्रा केसभर जरी मोठा निघाला, तरी बाकीच्यांचा भार त्याच्यावर येतो. बदलायचे तर सगळे.

छर्रे घरंगळू नयेत म्हणून गोंद? छे, ग्रीस! कपात भरपूर थापा, छर्रे आपोआप चिकटून बसतात.

शेवटची गंमत कोनची. चेकनट आवळला की कोनही किंचित घट्ट होतो, म्हणून आधी तो जरासा ढिला ठेवायचा. क्विक रिलीज असेल, तर आणखी थोडा. चाक फिरलं पाहिजे, डुलता कामा नये.

पावसाळा संपला की एका रविवारी हब उघडाच. आत पाणी शिरलं असेल, तर छर्‍यांना गंज चढायला वेळ लागत नाही.