निर्यातक्षम भाजीपाला आणि अल्पभूधारकांचे प्रशिक्षण : केनिया व मादागास्कर येथील अनुभव

प्रस्तावना :
जागतिकीकरणाच्या प्रक्रियेत विकसनशील देशांतील अल्पभूधारक शेतकऱ्यांना युरोपच्या बाजारपेठेशी जोडण्यासाठी अनेक प्रशिक्षण कार्यक्रम राबविण्यात आले. पेरणी, फवारणी व तोडणीचे शास्त्रीय तंत्र शिकविले की शेतकऱ्याचे उत्पन्न वाढते, हे त्यामागील प्रमुख गृहीतक होय. प्रस्तुत लेखात आफ्रिकेतील दोन अनुभवांच्या आधारे या गृहीतकाची मर्यादा स्पष्ट केली आहे.

केनियातील अनुभव :
केनियातील किरिन्यागा जिल्ह्यात २००४ मध्ये ‘ड्रमनेट’ या उपक्रमाचा अभ्यास सुरू झाला. शेतकरी गटांना फरसबी, बेबीकॉर्न यांसारख्या पिकांचे प्रशिक्षण, कर्जरूपाने बियाणे व खते, तसेच निर्यातदारापर्यंत मालवाहतूक अशी व्यवस्था त्यात होती. नव्याने ही पिके घेणाऱ्यांचे उत्पन्न वाढले. मात्र अभ्यास संपल्यानंतर वर्षभरातच निर्यातदाराने खरेदी थांबविली, कारण शेतांवरील व्यवस्था ‘युरेपगॅप’ या युरोपीय मानकांत बसत नव्हती. शेतकऱ्यांना दलालांकडे माल द्यावा लागला, कर्जे थकली आणि उपक्रम कोलमडला. नवा अॅश्रफ, झेवियर जिने व डीन कार्लन यांनी २००९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पीक घेण्याचे ज्ञान शेतकऱ्यांपाशी होते; परंतु फवारणीच्या नोंदी, औषधांची सुरक्षित साठवण व प्रमाणपत्राचा खर्च हा भार छोट्या शेताला पेलणारा नव्हता.

मादागास्करमधील अनुभव :
मादागास्करच्या पठारी प्रदेशात ‘लेकोफ्रुई’ कंपनीने सुमारे १०,००० शेतकऱ्यांशी भाजीपाल्याचे करार केले होते. येथे प्रशिक्षण हंगामापूर्वीच्या वर्गापुरते सीमित नव्हते. कंपनीचे विस्तार कार्यकर्ते वारंवार शेतावर येत, बियाणे व खते उधारीने देत आणि कंपोस्ट तयार करण्यास शिकवीत. मिंटेन, रँड्रियानारिसन व स्विनेन यांच्या २००९ मधील अभ्यासानुसार करारातील कुटुंबांचा धान्यटंचाईचा काळ कमी झाला. शिवाय त्याच जमिनीतील भाताचे उत्पादनही वाढले. अर्थात, एकाच खरेदीदारावरील अवलंबित्व ही या व्यवस्थेतील जोखीम होती.

निष्कर्ष :
प्रशिक्षणाचे यश प्रशिक्षणार्थींच्या संख्येवरून ठरविणे अपुरे आहे. मानकांच्या पूर्ततेचा खर्च कोण उचलतो, माल नाकारला गेल्यास नुकसान कोणाचे, आणि निर्यात थांबली तरी शेतकऱ्याच्या अन्नपिकाला उपयोगी पडेल असे काय मागे उरते, हे तीन प्रश्न कार्यक्रमाच्या आराखड्यातच सोडविले पाहिजेत. अन्यथा बाजारपेठेची जोखीम सर्वांत दुर्बल घटकावरच येऊन पडते.