तोटा फक्त बसचाच का मोजता?

नाशिकची शहर बससेवा पूर्वी एस.टी. महामंडळ चालवीत असे. तोट्याचे कारण पुढे करून महामंडळाने अंग काढून घेतले. जुलै २०२१ पासून महापालिकेची ‘सिटीलिंक’ धावू लागली. गाड्या ठेकेदाराच्या, त्यांना पैसे किलोमीटरप्रमाणे, वाहकही ठेक्यावरचे. थकलेल्या पगारासाठी या वाहकांना वारंवार संप करावा लागला. एस.टी.च्या भरतीत आरक्षण होते. ठेक्यात ते कुठे आहे?

उड्डाणपुलाचा तोटा कोणी मोजत नाही. सातपूर-अंबडच्या कामगाराला, धुणीभांडी करणाऱ्या आयाबहिणींना नेणाऱ्या बसचा मात्र पै-पैचा हिशेब! आम्ही विचारतो, बस हा धंदा आहे की जनतेचा हक्क? हक्क असेल तर तिचा खर्च अर्थसंकल्पात सन्मानाने मांडा, वाहकांना कायम करा. बांधवांनो, वस्तीवस्तीतून ही मागणी उठली पाहिजे.